वेगळं राज्य कोण बनवतं? विधानसभा, संसद की जनता?

पुण्यात बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेताना राज्यघटनेची प्रत सहज हाताला लागते. तिची पहिली चार कलमं जेमतेम पान-दोन पानांची आहेत. पण वेगळा विदर्भ असो की बेळगाव, सोशल मीडियावर रंगणाऱ्या वादांची बरीचशी उत्तरं तिथेच सापडतात.

ही कलमं काय सांगतात?

कलम १ नुसार भारत हा राज्यांचा संघ आहे. कलम २ बाहेरचा प्रदेश संघात घेण्याविषयी आहे. कलम ३ नुसार संसद नवं राज्य निर्माण करू शकते, राज्याची हद्द किंवा नाव बदलू शकते. कलम ४ नुसार अशा कायद्याला घटनादुरुस्ती मानलं जात नाही, त्यामुळे साधं बहुमत पुरतं.

मग राज्याची संमती?

ती लागत नाही. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच संसदेत येतं आणि त्याआधी संबंधित विधानसभेचं मत ठरावीक मुदतीत मागवलं जातं. ते मत बंधनकारक नसतं. २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगणा झालंच.

या नियमाचा पहिला मोठा फटका मराठी माणसालाच बसला. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेने ते बदलून एकच द्विभाषिक मुंबई राज्य केलं. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधानसभेकडे यायला हवा होता, असं म्हणत बाबुलाल पराते कोर्टात गेले. १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तशी गरज नाही.

तरीही महाराष्ट्र झाला कसा?

राजकीय दबावामुळे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आंदोलनात शंभरहून अधिक जणांनी प्राण गमावले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा धक्का बसला. अखेर संसदेनेच कायदा केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला.

लोकांना कधी विचारलं गेलं का?

हो, गोव्यात. महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेतला गेला आणि गोवेकरांनी वेगळं राहणं निवडलं. मात्र त्यासाठी संसदेने खास कायदा केला होता. कलम ३ मध्ये जनमताची अट नाही.

विदर्भ आणि बेळगावचं काय?

फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये एकमताने ठराव केला. त्यातून भूमिका कळते, हद्द बदलत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावाही दाखल केला आहे.

म्हणून 'विधानसभेत ठराव झाला, आता राज्य होणार' अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: संसदेत विधेयक आलंय का?