न दिसणारा रंग

रंग म्हटला की तो दिसलाच पाहिजे, अशी आपली साधी समजूत. पण गेली काही वर्षे रसायनशास्त्रज्ञ अशा रंगद्रव्याच्या मागे आहेत, जे डोळ्यांना दिसताच कामा नये. त्याचा थर खिडकीच्या काचेला द्यायचा; काच स्वच्छ राहायची आणि तरी वीज मिळायची!

ही जादू नव्हे. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. सूर्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा त्यापलीकडे, अवरक्त पट्ट्यात असते. रंगद्रव्याने तिथलेच किरण टिपावेत आणि उजेड घरात येऊ द्यावा, एवढीच मागणी.

रंगद्रव्यावर चालणारा सौरघट मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रीगन यांनी १९९१ साली जगापुढे मांडला. रंगद्रव्याने प्रकाश शोषायचा आणि इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांना द्यायचा. तो घट मात्र चांगला गडद होता. अदृश्य घटासाठी सायनिन कुळातली द्रव्ये उपयोगी पडली. याच कुळाने एकेकाळी फोटोच्या फिल्मला तांबडा प्रकाश ओळखायला शिकवले होते. त्यांच्या रेणूत दुहेरी बंधांची साखळी असते. तिच्यात दोन कार्बनांची एक कडी वाढवली, की शोषण सुमारे १०० नॅनोमीटरने पुढे सरकते.

मग साखळी वाढवतच का नेऊ नये? कारण शोषण जितके पुढे, तितकी इलेक्ट्रॉनची उडी तोकडी; ती टायटॅनियमच्या पायरीपर्यंत पोचली तर पाहिजे! शिवाय हे रेणू एकमेकांना बिलगतात आणि दृश्य प्रकाशही गिळू लागतात. काच रंगीत झाली की सगळेच मुसळ केरात. म्हणून रेणूंना लांब, तेलकट शेपट्या जोडतात. गर्दी मोडायला चक्क पित्तातले एक आम्लही मिसळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्क्वेरिन या भावंड-कुळावर असेच काम झाले आहे.

फ्रान्समधील आमियाँच्या संशोधकांनी २०२१ मध्ये असा घट सादर केला. त्यातून दृश्य प्रकाशाचा सरासरी ७६ टक्के भाग आरपार जातो. विजेची कार्यक्षमता ३.१ टक्के. छपरावरचे सिलिकॉनचे पॅनेल २० टक्क्यांच्या आसपास देते. तेव्हा छप्पर रिकामे ठेवून खिडकीतून वीज काढायला निघणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. पण उंच इमारतीला छप्पर केवढे आणि काचा किती, हेही पाहायला हवे. तिथे ३ टक्केही थोडे नाहीत. प्रश्न टिकाऊपणाचा आहे. खिडकी बसवली की पंचवीस-तीस वर्षे कोणी तिच्याकडे पाहत नाही, आणि या लांब साखळ्यांना ज्या उन्हावर काम करायचे, तेच ऊन त्यांना तोडते.