बिलाच्या तळाशी सही कोणाची?

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की फार्मसी का निवडली या प्रश्नाची उत्तरे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत साधारण सारखीच मिळतात: ‘नीट’मध्ये गुण कमी पडले, वडिलांचे दुकान आहे, दोन वर्षांच्या डी. फार्म.नंतर स्वतःचे मेडिकल टाकता येते. यांपैकी एकही कारण कमीपणाचे नाही. घराजवळची कंपनीतली नोकरी हेही एके काळी भक्कम कारण होते. पण ठाण्यातील पोखरण रस्त्यावरील ग्लॅक्सोच्या औषध कारखान्याची सुमारे 60 एकर जमीन 2017 मध्ये बांधकाम व्यावसायिकाकडे जाण्याचा व्यवहार झाला आणि ठाण्याच्या पदवीधराला आता अंबरनाथ, तळोजा किंवा तारापूरकडे पाहावे लागते. मात्र वाचकांच्या पत्रांतून अलीकडे वारंवार समोर येणारे कारण वेगळेच आहे: ‘सर्टिफिकेट लावता येते’, म्हणजे नोकरी दुसरीकडे करायची आणि नोंदणी प्रमाणपत्र दरमहा ठरलेल्या रकमेवर एखाद्या दुकानाच्या भिंतीला द्यायचे.

औषध नियम, 1945 यांतील नियम 65 नुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे आणि त्या विक्रीच्या नोंदीवर त्याची सही असली पाहिजे. डोंबिवली स्थानकाबाहेर संध्याकाळच्या लोकल रिकाम्या होऊ लागल्या की काउंटरवर निघणाऱ्या बिलांच्या तळाशी ही सही एक तर कोरी असते किंवा संगणकाने आपोआप उमटवलेली असते, आणि सहीचा धनी त्या वेळी तळोज्याच्या पाळीत असतो. त्याच नियमात, औषध दिल्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तारीख डॉक्टरांच्या सहीच्या वर चिठ्ठीवर नोंदवण्याची अट आहे. चिठ्ठी व्हॉट्सॲपवरचा फोटो असेल तर या नोंदीचा शिक्का ग्राहकाच्या मोबाइलच्या काचेवर मारायचा काय, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही, पण तपासणीत ‘शिक्का नाही’ एवढा शेरा मात्र हमखास सापडतो.

याहून मोठा घोळ कार्यालयांचा आहे. दुकानाचा परवाना 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली अन्न व औषध प्रशासन देते, तर फार्मासिस्टची नोंदणी 1948 च्या फार्मसी कायद्याखाली राज्य फार्मसी परिषदेकडे असते, आणि त्यामुळे गैरहजर फार्मासिस्ट सापडला की परवाना काही दिवस निलंबित होतो, गल्लीतल्या रुग्णांची गैरसोय होते, प्रशासन परिषदेला पत्र लिहिते, परिषद सुनावणी लावते, आणि प्रमाणपत्र तोवर दुसऱ्या भिंतीवर गेलेले असते. 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी उपस्थितीचा नियम राज्यभर कडकपणे लावला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवण्याचे हत्यार उपसले. फार्मासिस्ट पुरेसे नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यानंतर महाविद्यालये भरमसाट वाढली, फार्मासिस्टही वाढले, पण काउंटरवरची खुर्ची अनेक ठिकाणी रिकामीच राहिली, कारण पूर्ण वेळच्या पगारापेक्षा भिंतीवरचा कागद मालकाला स्वस्त पडतो. हा कागद स्वस्तात देणारे अधिकारी नव्हेत, व्यवसायातलेच बंधू-भगिनी आहेत, आणि नवपदवीधराला काउंटरवर मिळणाऱ्या तुटपुंज्या पगाराबद्दल सर्वांत मोठ्याने तक्रार करणाऱ्यांतही त्यांचीच संख्या मोठी आहे.

प्रमाणपत्र असे भाड्याने देणाऱ्या फार्मासिस्टांनी हे वाचताच आपले प्रमाणपत्र उतरवावे, दुकानाला दिलेल्या राजीनाम्याची प्रत औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि दुसरी प्रत परिषदेला पाठवावी. मालक पुढे टाळाटाळ करू लागला तर ती पोचच कामी येते. जे खरोखर काउंटरवर उभे राहतात, त्यांनी बिलावरची संगणकी सही आजच बंद करायला लावावी आणि स्वतःच्या पेनाने, नोंदणी क्रमांकासह सही करावी, रात्री साडेनऊच्या गर्दीतसुद्धा.