पाटीवरची 'फॅमिली'



नाशिकहून दिंडोरीमार्गे आमच्या वणीला येताना रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसायची मला सवय आहे. 'फॅमिली ढाबा', 'फॅमिली रेस्टॉरंट' आणि सर्वांत गमतीची म्हणजे 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'! जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द दिसला की अर्थ विचारल्याशिवाय राहवत नाही. या 'फॅमिली'त नक्की कोण कोण येतं हो?

माझ्या मते या पाटीचा अर्थ एवढाच, की बाईमाणूस बरोबर असेल तर आडोशाची जागा मिळेल. हे आजचं नाही. मुंबईच्या इराणी हॉटेलांतही 'फॅमिली रूम' असायच्या. बायकांना परक्या नजरा चुकवून चहा पिता यावा म्हणून केलेली ती सोय त्या काळी मोठीच होती. पण काळ पुढे गेला आणि अर्थ तिथेच अडकला. घरातली म्हातारी माणसं या शब्दात कधी शिरलीच नाहीत.

पटत नाही? मग पंचाहत्तरीच्या आईला घेऊन अशा ठिकाणी जाऊन बघा. दारात चार पायऱ्या, धरायला कठडा नाही. 'फॅमिलीची सोय वरती' म्हणजे आणखी एक जिना. मेनूकार्ड मागावं तर टेबलावर ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला, मोबाइल धरा आणि वाचा! अर्धी प्लेट मिळत नाही. 'तिखट कमी' म्हटलं की पोरगा मान डोलावतो आणि भाजी येते तशीच लालभडक. गाणी एवढी मोठ्यानं, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. संडासात हाताला आधार नाही. मग पुढच्या वेळी आई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मला भूक नाही." अहो, भूक असते!

माझी लेक काही वर्षं जपानमध्ये होती. मी तिच्याकडे गेले तेव्हा एका साध्या मंगळवारी ती मला 'फामिरेसु'मध्ये घेऊन गेली. फॅमिली रेस्टॉरंट या शब्दाचं जपानी लोकांनी केलेलं हे लघुरूप. 1970 साली टोकियोच्या पश्चिमेला फुचू इथे 'स्कायलार्क'चं पहिलं दुकान निघालं, आणि पुढे अशी हॉटेलं देशभर झाली. जेवण म्हणाल तर मला शाकाहारी बाईला यथातथाच. मक्याचा पिझ्झा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी. पण प्रत्येक पदार्थाचा फोटो कार्डावर. टेबलावर एक बटण, दाबलं की माणूस हजर. एकदा पैसे भरले की चहा-कॉफी हवी तितकी घ्या. उठा असं कुणी सांगत नाही. शेजारच्या टेबलावर एक आजोबा आणि त्यांचा पन्नाशीचा मुलगा निवांत बसले होते. ना वाढदिवस, ना समारंभ.

यावर 'ते जपान आहे, श्रीमंत देश' हे उत्तर ठरलेलं. तिथे 65 च्या पुढची माणसं लोकसंख्येच्या 29 टक्क्यांच्या आसपास आहेत, तेव्हा त्यांना सांभाळल्याशिवाय धंदा कसा चालेल, हेही खरं. पण कठड्याला, छापील कार्डाला, अर्ध्या प्लेटला किती श्रीमंती लागते? आमच्या सप्तशृंगी गडावर देवीपर्यंत 500 च्या आसपास पायऱ्या आहेत. 2018 साली तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि गुडघ्यांनी हात टेकलेली माणसं पुन्हा दर्शनाला जाऊ लागली. गडावर जमतं, ते गडाच्या वाटेवरच्या हॉटेलांना चार पायऱ्यांसाठी जमू नये?

आणि सगळा दोष हॉटेलवाल्यांचा नाही. मुलांनो, तुम्हालाही सांगते. आईला बाहेर न्यायचं ते फक्त पंचाहत्तरीला नाहीतर मदर्स डेला. पंधरा माणसांचं टेबल, केक, फोटो, आणि आई मधोमध बसून गप्प! अशा जेवणात तिच्याशी बोलतं कोण? घरी तरी कुठे बोलणं होतं? घरी ती वाढत असते, आणि ती ताटावर बसते तेव्हा इतरांचे हात धुऊन झालेले असतात. दुसऱ्या कुणीतरी वाढलं, घाई नसली आणि समोर एकच माणूस असलं, तरच ती बोलते. त्या मंगळवारी लेकीनं मला विचारलं, "आई, तुला बीएला नाशिकला पाठवायला आजोबा तयार कसे झाले गं?" चाळीस वर्षांत घरात हा विषय निघाला नव्हता. आम्ही दोन तास बसलो. हे मी सांगितलं नसतं तर माझ्याबरोबरच गेलं असतं.

आमच्या पिढीच्या "कशाला उगाच खर्च, घरी पिठलं टाकते" या पालुपदाला मुलांनी भीक घालू नये. दोन मिसळींचा खर्च तो काय!

तेव्हा निमित्त शोधू नका. या आठवड्यात आईला नाहीतर वडिलांना, एकट्यालाच, घेऊन जा. तर्री वेगळी मागा, गाणी हळू करायला सांगा, अर्धी प्लेट मागा. नाही म्हणाले तर गल्ल्यावर जाऊन शांतपणे विचारा, "मग पाटीवर फॅमिली कशाला लिहिलंय?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला अर्धी प्लेट मिळेल.