संत्र्याचा रस आणि बेताचा दाब

दिवाळीचे डबे रिकामे होतात न होतात तोच आमच्या कामठीत हातगाड्यांवर आंबिया बहाराची संत्री दिसू लागतात. ती सरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची संत्री येतात. कळमन्याचा मोठा बाजार इथून जवळ, त्यामुळे हंगामात टोपलीभर संत्री घेणं परवडतं. मग प्रश्न येतो तो रसाचा. दोन संत्री पिळणं वेगळं आणि शंभर पिळणं वेगळं! मनगटं भरून येतात. मिक्सरमध्ये फिरवावीत, तर बिया भरडल्या जाऊन रस कडू होतो, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

मैत्रिणींनो, ह्यावर उपाय म्हणून सुताराकडून सहज करून घेता येईल असं एक लाकडी दाबयंत्र आज सांगणार आहे. पण आधी आमची फजिती ऐका.

माझ्या दिरांना एका इंग्रजी पुस्तकात सफरचंदाचा रस काढायच्या यंत्राचं चित्र सापडलं. थंड मुलखात सफरचंदं सालीसकट ठेचतात, लगदा कापडात गुंडाळून फळ्यांमध्ये ठेवतात आणि वरून जोराने दाबतात. तो रस मुरवून तिकडे ‘सायडर’ नावाचं मद्यही करतात. आम्हाला हवं होतं संत्र्याचं स्क्वॉश; पण चित्र बघून भाऊजींनी भक्कम चौकट ठोकली आणि वर चक्क गाडीचा जॅक बसवला! भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही बावीस बाटल्या स्क्वॉश केलं. ताजा रस चाखला तेव्हा अगदी अमृत होता.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि पेले हळूच खाली ठेवले. मी चाखून पाहिलं. घशाशी कडू जहर! घरी आल्यावर चार माणसांत मी फोडी सोलणाऱ्या आमच्या मावशींवर खापर फोडलं, “तुमच्या हातून बिया राहिल्या.” त्या म्हणाल्या, “बाई, मी येक येक बी पाहून काढली. तुमीच त चोथ्याचा भुसा होयेवरी दाबलं.” रागाच्या भरात मी ते कानावर घेतलं नाही.

पुढच्या हंगामात मात्र राहवेना. बिया काढलेल्या फोडींचे दोन सारखे वाटे केले. एक हलका दाबला, दुसरा जॅकने कोरडा होईपर्यंत दाबला. दोन्ही रस रात्रभर ठेवले. सकाळी हलक्या दाबाचा रस गोड होता आणि दुसरा कडू. मावशींचंच खरं होतं. ज्या चार माणसांत बोलले होते त्यांच्याच समोर मी त्यांची माफी मागितली. बाटल्यांचं नुकसान भरून निघालं, पण त्या एका वाक्याची बोच अजून आहे.

असं का होतं? सफरचंदाचा रस गराच्या घट्ट पेशींत कोंडलेला असतो, म्हणून आधी ठेचणं आणि मग जोर लावणं भाग असतं. संत्र्याचा रस मात्र नाजूक पिशव्यांत असतो. त्या जराशा दाबाने फुटतात. त्यापुढे जोर लावला की फोडींचं पापुद्रं, पांढऱ्या शिरा आणि चुकून राहिलेल्या बियाही पिळल्या जातात. त्यांत एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. रसातल्या आंबटपणाशी गाठ पडली की काही तासांत त्याचं ‘लिमोनिन’ बनतं, आणि ते फार कडू. म्हणूनच ताजा रस चाखून काही कळत नाही. मोठ्या कारखान्यांनाही ह्या कडवटपणाने हैराण केलेलं आहे. अपुऱ्या पिकलेल्या फळांत तो जास्त असतो, तेव्हा रसासाठी पूर्ण पिकलेली संत्रीच घ्या.

आता यंत्राकडे वळू. जॅक नको, साधी तरफ पुरते.

साडेचार फूट लांब, एक फूट रुंद, दोन इंच जाड फळी ही बैठक. तिच्या एका टोकाला दीड फूट उंचीचे दोन खांब शेजारीशेजारी, मध्ये दांडा खेळेल एवढं अंतर ठेवून, लोखंडी पट्ट्या आणि बोल्टांनी पक्के करावेत. दाबताना हे खांब वर उचलले जातात, म्हणून नुसत्या खिळ्यांवर भागवू नका. खांबांतून आडवा बोल्ट घालून त्यावर चार फुटांचा मजबूत दांडा बसवावा. बोल्टाला वंगण म्हणून खोबरेल लावावं, यंत्राचं तेल नको.

बोल्टापासून आठ इंचांवर रसाचं भांडं येईल. आठ इंच रुंदीचा स्टीलचा डबा घेऊन त्याच्या तळाला आणि बाजूंना बारीक छिद्रं पाडून घ्या. छिद्रांच्या कडा आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करायला सांगा, नाहीतर कापड फाटतं आणि बोटंही कापतात. डबा स्टीलच्या परातीत, खाली जाळी ठेवून बसवावा. डब्यात सैल बसेल अशी जाड स्टीलची ताटली, तिच्यावर लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर दांडा. ठोकळा एवढा उंच हवा, की दांडा साधारण आडवा राहील.

रसाला फक्त स्टील आणि कापड लागलं पाहिजे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, लोखंड, ॲल्युमिनियम अजिबात नको. आंबट रसात धातू उतरतो.

दांड्याच्या टोकाला पाच किलोचं वजन टांगायचं. दोरी आखूड ठेवा, वजन खाली टेकता कामा नये. बोल्टापासून ठोकळा आठ इंचांवर आणि वजन अठ्ठेचाळीस इंचांवर, म्हणजे दाब सहापट: पाच किलोचे तीस किलो. संत्र्याला एवढा पुष्कळ होतो.

संत्री धुऊन, सोलून, शिरा आणि बिया काढाव्यात. फोडी उकळून घेतलेल्या मलमलच्या पिशवीत भराव्यात; एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त नको. वजन हळूच सोडावं आणि दहा मिनिटं थांबावं. धार थांबून थेंब पडू लागले की वजन काढावं. चोथा ओलसर राहिला तर राहू द्या! डझनभर मध्यम संत्र्यांचा अर्धा ते पाऊण लिटर रस निघतो. त्याहून जास्त काढायचा मोह म्हणजे कडवटपणाला आमंत्रण.

आणि एक परीक्षा विसरू नका. साखर मिसळण्यापूर्वी वाटीभर रस उकळी येईपर्यंत तापवा, निववा आणि चाखा. उष्णतेने कडूपणा लवकर प्रकट होतो. हा रस गोड लागला तर बाकीचा निर्धास्त वापरा. कडू लागला तर वाटीभरावरच निभावलं. साखर तरी वाचली.

स्क्वॉशसाठी प्रमाण असं: एक लिटर रस, पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी, २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर, पाणी आणि ॲसिडचा पाक एक उकळी आणून गाळावा. पूर्ण थंड झाल्यावरच रस मिसळावा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट दोन ग्रॅम, तेही काट्यावर तोलून, थोड्या पाण्यात विरघळवून घालावं. अंदाजाने चमचा भरू नका. घरात कुणाला दमा असेल तर मात्र ते टाळा आणि फ्रिजमध्ये ठेवून थोडंथोडंच करा. उकळून वाळवलेल्या बाटल्या वर इंचभर जागा सोडून भराव्यात. साधारण तीन लिटर स्क्वॉश होतं. पिताना एकाला तीन भाग गार पाणी. काढलेला रस तसाच दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आपल्याकडच्या हवेत तो लगेच आंबू लागतो.

काम झालं की पिशवी आणि डबा लगेच गरम पाण्याने धुवा, लाकूड पुसून उन्हात ठेवा.

गेल्या हंगामात दांड्याला वजन लावायचं काम मी मावशींवरच सोपवलं होतं. थेंब पडू लागले तसा माझा हात सवयीने दांड्याकडे गेला. त्या म्हणाल्या, “राहू द्या आता, बाई.” मी राहू दिलं. त्या खेपेची शेवटची बाटली आम्ही मे महिन्यात फोडली. थेट तळापर्यंत गोड होती!