41 किलोमीटर उंचीवरची शहानिशा

2025 च्या एप्रिल महिन्यात, पृथ्वीपासून सुमारे 124 प्रकाशवर्षांवर असलेल्या के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड हा, पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींच्या द्वारा उत्पन्न होणारा वायू असावा अशी चिन्हे आढळल्याचे केंब्रिज विद्यापीठाचे निक्कू मधुसूदन व त्यांचे सहकारी यांनी जाहीर केले, आणि बघता बघता परग्रहावरच्या जीवसृष्टीची चर्चा घरोघरी सुरू झाली. पुढे इतर खगोलशास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे स्वतंत्रपणे तपासून, त्या आकड्यांतून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही असे आक्षेप नोंदविले. परंतु ही दुसरी वार्ता पहिलीच्या मानाने फारच थोड्या कानांवर पडली. त्यानंतरच्या महिन्यात, 20 मे रोजी, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर पुण्यात निवर्तले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध काही नाही. तथापि, ज्या प्रश्नाने एप्रिलात एवढी खळबळ माजविली, तोच प्रश्न नारळीकरांनी अन्य ताऱ्यांपर्यंत न जाता आपल्याच मस्तकावर 41 किलोमीटर उंचीवर विचारला होता, आणि त्याचे उत्तर अर्ध्यावर राहिले आहे, याचे स्मरण मराठी वाचकांना करून देणे मला अगत्याचे वाटते.

मी सीवूड्सला राहतो. येथून पाम बीच मार्गापलीकडे खाडीच्या दिशेने गेले म्हणजे तिवरांच्या झाडीला लागून डीपीएस तलाव या नावाने ओळखला जाणारा पाणथळ भाग आहे, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत तेथे रोहित पक्ष्यांचे, ज्यांना आता सारे जण फ्लेमिंगोच म्हणतात त्यांचे, थवे उतरतात. ओहोटीच्या वेळी काठावर उभे राहिले असता जो उग्र दर्प नाकाशी येतो, त्यात गाळातून सुटणारे अनेक गंधकयुक्त वायू मिसळलेले असतात, आणि समुद्रकाठच्या त्या परिचित वासाचा एक घटक म्हणजेच डायमिथाइल सल्फाइड होय. पक्षी मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतात, जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे करून पाणी आत ओढतात व बाहेर टाकतात, आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक झालरीत जे अडकते ते गिळतात. लहान रोहितांच्या बाबतीत हे अडकणारे अन्न म्हणजे मुख्यतः नीलहरित शेवाळ. गाळावर जेथे पाणी नुकतेच ओसरलेले असते तेथे खाली वाकून पाहावे, तर काळपट हिरव्या रंगाची एक चिकट पातळ साय पसरलेली दिसते, आणि ऊन चढू लागले की तिच्यावर सूक्ष्म बुडबुडे धरू लागतात. पक्ष्यांच्या पिसांना येणारा गुलाबी रंग त्यांना या आहारातूनच मिळतो. छायाचित्रे घेणाऱ्यांची दृष्टी साहजिकच पक्ष्यांवर असते, पण माझे निवेदन त्या सायीविषयी आहे.

कारण पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असेल का, असा प्रश्न जेव्हा कोणी विचारतो, तेव्हा त्याच्या मनश्चक्षूंपुढे बहुधा तबकडीतून उतरणारे, मोठ्या डोळ्यांचे, आपल्याहून हुशार असे कोणी तरी असते. आणि हे चित्र एकदा मनात बसले की पुराव्याची अपेक्षाही त्याच धर्तीची होते. पृथ्वीचा स्वतःचा इतिहास वेगळी साक्ष देतो. येथे जीव उत्पन्न होऊन निदान 350 कोटी वर्षे झाली, आणि डोळ्यांना सहज दिसतील असे प्राणी अवतरल्याला जेमतेम 60 कोटी. मधल्या सुमारे 300 कोटी वर्षांत ही भूमी आणि हे समुद्र बहुतांशी सूक्ष्मजीवांच्याच मालकीचे होते. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी वातावरणात प्राणवायू साठू लागला तो या नीलहरित शेवाळाच्या पूर्वजांच्या उद्योगामुळे. त्या काळात दूरच्या कोणा ताऱ्याजवळून आपल्या ग्रहाचे निरीक्षण झाले असते, तर जीवसृष्टीची खूण म्हणून वातावरणातील वायूंखेरीज दुसरे काहीही हाती लागले नसते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे, उल्कापाताने झालेल्या विवरातले अतिक्षारयुक्त सरोवर 2020 च्या जून महिन्यात गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण शोधले, आणि ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांतच सापडले. जेथे साध्या माशाला जगणे अशक्य, तेथे हे जीव निर्वेधपणे नांदतात. म्हणून, अन्यत्र जीव असेल तर तो बहुधा याच पायरीवरचा असेल असे मानणे मला सयुक्तिक वाटते. आणि तसा तो सापडला, तर ती मानवी ज्ञानाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना ठरेल, याविषयीही माझ्या मनात शंका नाही.

नारळीकरांनी नेमकी हीच पायरी धरली. कल्पनाशक्ती त्यांना उणी नव्हती. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत ते अग्रगण्य, आणि परक्या जीवसृष्टीचा विषय त्यांनी ‘प्रेषित’ या कादंबरीत हाताळलेलाही आहे. पण कथेतील मुभा त्यांनी प्रयोगशाळेत कधी घेतली नाही. केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले ते फ्रेड हॉइल, आणि हॉइल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे, यांचे म्हणणे असे होते की जीवाची बीजे अंतराळात सर्वत्र विखुरलेली असून धूमकेतूंच्या द्वारा ती पृथ्वीवर आली, आणि आजही येत आहेत. बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांनी हा सिद्धान्त अमान्य केला. नारळीकरांनी त्याचा केवळ कैवार घेतला नाही, की गुरूचे मत म्हणून तो शिरोधार्यही मानला नाही. सूक्ष्मजीव वरून येत असतील तर ते वातावरणाच्या उंच थरांत सापडले पाहिजेत. तेव्हा तेथील हवा आणून तपासावी, इतका सरळ मार्ग त्यांनी सुचविला, आणि भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने, म्हणजे इस्रोने, त्यासाठी द्रव्याची तरतूद केली.

पहिले उड्डाण 2001 च्या जानेवारीत झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉइल वारले. दुसरे, अधिक काटेकोर उड्डाण 2005 साली. दोन्ही वेळा फुगा सोडला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून. दुसऱ्या उड्डाणाचा फुगा 2 कोटी 67 लक्ष घनफूट आकारमानाचा होता, आणि त्याने उचललेल्या 459 किलो वजनाच्या सामग्रीत पोलादाच्या, आतून निर्वात व निर्जंतुक केलेल्या 16 नळ्या होत्या. या नळ्या उड्डाणभर द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवलेल्या होत्या. निऑन द्रवरूपात राहते ते शून्याखाली सुमारे 246 अंशांवर. इतक्या थंडीत नळीची झडप उघडताच आत शिरलेली विरळ हवा तत्काळ गोठते, तिच्या जागी आणखी हवा ओढली जाते, आणि ज्या उंचीवर श्वासापुरतीही हवा नाही तेथून तपासणीला पुरेसा नमुना गोळा होतो. 20 ते 41 किलोमीटर या पट्ट्यात वेगवेगळ्या उंचींवर नळ्या उघडल्या, मिटल्या, आणि हवाई छत्रीने खाली आल्या. मग एकाच प्रयोगशाळेच्या शब्दावर विसंबायचे नाही म्हणून हैदराबादचे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र अशा दोन संस्थांनी, एकाच पद्धतीने पण परस्परांपासून स्वतंत्र, त्यांची तपासणी केली. अशी खातरजमेची व्यवस्था मला त्या प्रयोगाच्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते.

निष्कर्ष 2009 च्या मार्चमध्ये जाहीर झाला. जीवाणूंच्या 12 व बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच पृथ्वीवरील ज्ञात जातींच्या होत्या, परंतु तीन जीवाणू पूर्वी कोठेही न नोंदलेले निघाले, आणि आपल्या निकटच्या भाऊबंदांपेक्षा जंबुपार किरणांचा मारा ते अधिक सोसू शकत होते. त्यांना हॉइल, आर्यभट आणि इस्रो यांच्या सन्मानार्थ नावे देण्यात आली. हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे सिद्ध होत नाही, मात्र शोध चालू ठेवण्यास उत्तेजन मिळते, एवढेच त्या वेळी संयमाने सांगितले गेले.

पुढचा भागही सांगितलाच पाहिजे. आर्यभटाचे नाव दिलेला जीवाणू नंतर अनेक देशांत, वनस्पतींच्या मुळांलगतच्या साध्या मातीत सापडला. ज्वालामुखीचा उद्रेक राख व धूळ 30 किलोमीटरच्याही वर फेकू शकतो, हे 1991 मध्ये फिलिपाइन्सच्या पिनातुबोने दाखविलेले आहे. हे दोन्ही दाखले ध्यानी घेता, ते तीन जीव खालूनच वर गेले असावेत असे मला वाटते. नारळीकरांविषयीच्या आदरापोटी हे मत मी दडवून ठेवणे त्यांच्या वृत्तीला शोभणारे नाही. पण वाटणे म्हणजे निकाल नव्हे. प्रकरण निकालात निघालेले नाही, ते तहकूब आहे.

तहकुबी उठविण्याचा उपायही दृष्टिपथात आहे. कार्बनचे हलके आणि जड असे दोन स्थिर समस्थानिक निसर्गात असतात, आणि पृथ्वीवरचे जीव आपली शरीरे घडविताना हलक्याला किंचित झुकते माप देतात. 1969 साली ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत जी सेंद्रिय द्रव्ये मिळाली, त्यांत जड कार्बनचे प्रमाण पृथ्वीवरील जीवद्रव्याहून स्पष्टपणे अधिक भरले, आणि म्हणूनच ती येथल्या मातीतून शिरलेली नसून अंतराळातली आहेत हे मान्य झाले. हीच कसोटी उंचावरून आणलेल्या पेशींना लावता येईल. अट एवढीच की ती पेशी वाढविण्यापूर्वी लावली पाहिजे, कारण प्रयोगशाळेतल्या बशीत जीवाणू वाढला की त्याच्या वंशजांचे शरीर त्या बशीतल्या पार्थिव अन्नाचेच बनते, आणि मूळ जन्मस्थानाचा पुरावा तेथेच नष्ट होतो. एकेका पेशीतील समस्थानिकांचे प्रमाण मोजणारी यंत्रे आज जगात आहेत.

यावर कोणी म्हणेल की शाळांना छप्पर नाही, दवाखान्यांत औषध नाही, तेथे आकाशातल्या जंतूंसाठी खजिन्यातून पैसा कशाला. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु फुग्याचे उड्डाण हे अग्निबाणाच्या उड्डाणापेक्षा पुष्कळच कमी खर्चाचे असते. शिवाय अतिशीत नळ्या, निर्जंतुक हाताळणी, अत्यल्प नमुन्यांतून जनुकीय ओळख पटविणे, ही जी विद्या अशा कामातून अंगवळणी पडते ती दवाखान्यांच्याही उपयोगी येते. आणि याहून वेगळे एक कारण मला महत्त्वाचे वाटते. ज्या समाजात ग्रहांची दशा विचारून लग्नाच्या तारखा ठरतात, त्या समाजातल्या मुलांना ग्रहगोलांविषयीचा एखादा प्रश्न आपल्याच लोकांनी कसा विचारला, कसा तपासला, आणि मनाजोगते उत्तर न मिळताही तो कसा सोडून दिला नाही, हे पाहावयास मिळणे ही शिक्षणाची गोष्ट आहे. सीवूड्सच्या शाळांतली मुले रोहित पाहण्यास तलावावर नेली जातात, ते चांगलेच आहे. त्यांच्यासोबत एक सूक्ष्मदर्शक नेऊन गाळावरच्या त्या हिरव्या सायीचा थेंब त्यांना दाखवावा, आणि दूरच्या ग्रहांवर शास्त्रज्ञ ज्याच्या खुणा शोधत आहेत ते बहुधा असेच काही असेल, हे तेथेच सांगावे. 2024 साली भरतीच्या पाण्याची वाट अडून तो तलाव कोरडा पडला व पक्षी मेले, तेव्हा आधी हा थर सुकला होता. त्याची दखल घेण्याची नजर आपल्याला अद्याप यायची आहे.

माझी मागणी आहे ती अशी की आयुका ही पुण्याची खगोलशास्त्र संस्था, पेशीविज्ञान केंद्र, टाटा संस्था आणि इस्रो यांनी एकत्र बसून तिसऱ्या उड्डाणाची योजना आखावी. काही नळ्या वर नेऊन न उघडताच परत आणाव्यात, म्हणजे जमिनीवरची भेसळ किती हे कळेल. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोन उड्डाणे व्हावीत, म्हणजे वादळी ढगांनी खालून उचललेल्या धुळीचा हिशेब लागेल. पेशी वाढविण्याआधी समस्थानिक मोजावेत, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागो, तो मराठीतूनही सविस्तर प्रसिद्ध व्हावा. पेशी पार्थिव ठरल्या, तर त्या 41 किलोमीटरांपर्यंत कशा चढल्या आणि त्या थंडीत व त्या किरणांत कशा तगल्या, हा प्रश्न पुढे उभा राहीलच, आणि त्याचा शोध घेऊ शकतील अशा प्रयोगशाळा पुण्यात आणि हैदराबादेत आजही चालू आहेत.