तीन सकाळींचा किनारा



नालासोपाऱ्यातील बहुतेक घरांचा दिवस रेल्वे स्थानकाच्या दिशेने सुरू होतो आणि तिथूनच परततो. स्थानकाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कळंबचा समुद्र आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण पाहुणे आल्याखेरीज तिकडे पाय वळत नाहीत. आज मी तुम्हाला या किनाऱ्याने चालत जाण्याचा आग्रह करणार आहे. मात्र तो एका दिवसात नव्हे, तर तीन सकाळींत.

वाट अशी आहे : चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यापाशी आरंभ करावा आणि सुरुची बाग, रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर या क्रमाने उत्तरेकडे अर्नाळ्याला पोहोचावे. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला कुठे सुरूची बने, कुठे केळीच्या व फुलांच्या वाड्या. भुईगावच्या बाजूस तिवरांचे जंगल आहे. कोळीवाड्यांजवळ बांबूंवर बोंबील वाळत असतात.

हीच वाट काही वर्षांपूर्वी मी एका दिवसात उरकायला निघालो होतो. सोबत वडील होते; वय एकाहत्तर, मधुमेह जुना. उशिरा निघाल्यामुळे दुपारची उन्हे डोक्यावर आली. मऊ वाळूत अनवाणी चालणे पायांना चांगले, असे मीच त्यांना सांगितले होते. ते काहीही न बोलता चालत राहिले. रात्री घरी पाय धुताना तळव्यावर रुपयाएवढा फोड दिसला. तापलेल्या वाळूने भाजल्याचे त्यांना जाणवलेच नव्हते. जखम भरायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा जे समजावले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा क्षीण होऊ शकतात. दुखणे हा शरीराचा पहारेकरी. तोच झोपी गेला तर शिंपल्याची धार आणि तापलेली वाळू यांची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मधुमेहींनी किनाऱ्यावर अनवाणी चालू नये. सुती मोजे आणि पुढून बंद असलेले मऊ बूट घालावेत, मधेच थांबून आत शिरलेली वाळू झटकावी आणि घरी परतल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून तपासून घ्यावेत. इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि खिशात साखर ठेवावी. अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, तर ती लगेच तोंडात टाकून बसावे.

दुसरी गोष्ट वाळूची. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालताना कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. पाऊल रुतते, वाळू सरकते आणि पोटऱ्यांचे बरेचसे श्रम पुढे जाण्याऐवजी वाळू ढकलण्यात जातात. घराजवळच्या रस्त्यावर सहज पाच किलोमीटर चालणाऱ्याने येथे तोच हिशेब धरू नये. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो. उत्तरेकडे जाताना डावे पाऊल सतत खाली पडते आणि त्याचा ताण गुडघ्यावर व कमरेवर येतो. ओहोटीने उघडी पडलेली ओली, सपाट वाळू हीच चालण्यासाठी उत्तम.

ही वाळू केव्हा मिळेल, ते पंचांग सांगते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, द्वितीयेला दीड वाजता, तृतीयेला सव्वादोन वाजता. दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या या तीन सकाळी समुद्र अनुक्रमे सात, पावणेआठ आणि साडेआठच्या सुमारास सर्वांत मागे असतो. हिवाळ्यात साडेसहाला निघून साडेआठपर्यंत चाल संपवली, तर ऊनही टळते आणि भरतीही. पण हे उधाणाचे दिवस असतात. पाणी जितके दूर जाते तितक्याच जोमाने परतते. म्हणून छापील वेळापत्रकाशी हिशेब ताडून पाहावा, पाण्यात उतरू नये आणि ओहोळ किंवा तिवरे आडवी आली की गावच्या रस्त्याने वळसा घ्यावा. वाट कोळीवाड्यात विचारावी. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

पहिल्या सकाळी किल्ला ते भुईगाव, दुसऱ्या सकाळी कळंबपर्यंत, तिसऱ्या सकाळी अर्नाळा. रोज बसने किंवा रिक्षाने घरी परतावे, पेज किंवा लिंबाचे सरबत घ्यावे आणि पाय उंचावर ठेवून पडावे. स्नायूंची झीज भरून येते ती या विश्रांतीतच. आपल्या वारीला हे पूर्वीपासून ठाऊक आहे : ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवेघाट चढून सासवडला पोहोचली की तेथे दोन रात्री मुक्काम करते. दुसऱ्या सकाळी पोटऱ्या जड वाटतील. त्या दिवसाची चाल म्हणूनच लहान ठेवली आहे. छातीत दडपण आले, धाप ओसरेना किंवा गरगरले, तर मात्र तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. किनारा पुढच्या पौर्णिमेलाही तेथेच असणार आहे.

पुढच्या हिवाळ्यात वडील आणि मी पुन्हा निघालो. या वेळी त्यांच्या पायांत बूट होते आणि वेग त्यांनी ठरवायचा होता. तिसऱ्या सकाळी अर्नाळ्याच्या वाळूत उभे राहून त्यांनी समोरच्या बेटावरचा किल्ला बराच वेळ न्याहाळला. मग एका होडीच्या काठावर बसून बूट काढले आणि, मी न सांगताच, दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले.