तिरपी अक्षरं जातात कुठे?

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका लेखिकेच्या कादंबरीत आजीची पत्रं आहेत. पत्रं तिने इटॅलिकमध्ये ठेवली होती, निवेदन सरळ अक्षरांत. पुण्याहून प्रूफ आलं, तेव्हा आजी कुठे संपते आणि नात कुठे सुरू होते ते कळेना. लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून वर्डची फाईल काढताना मराठीचा तिरपेपणा गेला होता. पत्रांतले रोमन लिपीतले शब्द मात्र तिरपेच होते.

दुखणं नेमकं इथे सापडतं. वर्डच्या फाईलमध्ये इटॅलिकच्या दोन वेगळ्या खुणा असतात: एक रोमनसारख्या लिप्यांसाठी, दुसरी देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांसाठी. सॉफ्टवेअरने पहिलीच खूण लिहिली, तर वर्ड मराठी मजकूर सरळ दाखवतं. अशा वेळी तो मजकूर निवडून वर्डमध्येच पुन्हा इटॅलिक करावा.

मॅकवर कारण वेगळं असू शकतं. ॲपलच्या मजकूर-यंत्रणेवर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये इटॅलिक म्हणजे फॉन्टचंच एक रूप. ‘कोहिनूर देवनागरी’ या फॉन्टमध्ये ते नाही, ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये सात वजनं आहेत पण इटॅलिक नाही. निर्यातीच्या वेळी असा फॉन्ट निवडला, की तयार फाईलमध्ये तिरपेपणाची नोंदच उरत नाही. मग फॉन्ट बदलूनही उपयोग नसतो.

यात फॉन्ट करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेला इटॅलिक टाइप आल्दुस मानुतिउसने व्हेनिसमध्ये 1501 साली पुस्तकासाठी वापरला. तो तिथल्या हस्ताक्षरातून आला. देवनागरीत तशी परंपरा नाही. संगणक अक्षरं नुसती एका बाजूला ढकलतो आणि शिरोरेषेखालचे काने कलंडल्यासारखे दिसतात. मराठी पुस्तकांनी वेगळेपणासाठी ठळक टाइप, एकेरी अवतरणचिन्हं, आत घेतलेला समास वापरला, आणि ते डोळ्यांना सुखाचं आहे.

म्हणून लेखकाने तिरपेपणावर विसंबूच नये. मजकूर काय आहे ते नोंदवावं. ‘पत्र’, ‘मनोगत’, ‘ग्रंथनाम’ अशा नावांच्या स्टाइल कराव्यात. स्क्रिव्हनर 3 या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपाइल, म्हणजे निर्यात, करताना प्रत्येक स्टाइलचं छापील रूप ठरवता येतं. वर्डच्या मूळ प्रतीत इटॅलिक शाबूत असेल, तर ‘शोधा-बदला’मध्ये मजकुराऐवजी इटॅलिक हे स्वरूप शोधून त्याजागी स्टाइल लावता येते. हे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाण्याआधी करू नका, नंतर करा: बरेच कन्व्हर्टर नुसती अक्षरं परत देतात. तिरप्या जागा मात्र आधीच कागदावर उतरवून ठेवा.

इंदूरने 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलनं भरवली. तरी इथल्या बहुतेक लेखकांचा प्रकाशक पुण्या-मुंबईचा, आणि अक्षरजुळणी करणाऱ्याशेजारी बसणं त्यांना जमत नाही. तेव्हा फाईलसोबत एक पीडीएफ आणि स्टाइलची अर्ध्या पानाची यादी धाडा. पहिलं प्रूफ आलं, की आधी पत्रांची पानं उघडा.